आतला फेरा

—व्हय, मीच प्रतिक्षा, साक्षीची थोरली बहीण. बसा सर, तो कपडा सरकवा जरा. तिला पोहणं शिकवणारे सर ना तुमी? पेपरातल्या फोटूत पाहिलंय तुमाला, तिच्या पदकाशेजारी. पण मला काय कळतंय त्यातलं? मी गोरेगावात ब्लाऊज शिवणारी बाई. तिनंच पाठवलं? ‘माझी चूक ताईलाच सापडंल’—असं म्हणली? हं. सहा महिने झाले, बोलणं न्हाई आमचं. फोन करते ती, मीच उचलत न्हाई—सोडा ते. रविवारी संघाची निवड हाये, आन् ती दोन सेकंद मागं पडून राहिली, व्हय ना? दाखवा मोबाईलवरचा व्हिडिओ.

टोपी काय, चष्मा काय! आमी पंजाबी ड्रेसवर उड्या मारल्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. तिच्या डब्याची गाठ मी मारायची—थांबा, मागं घ्या. हात पहा कसा जातोय! कोपर उंच, पाणी बराबर मागं ढकलते. मला असा हात कधी जमला न्हाई. खरं सांगते, पाहून पोटात जळून राहिलं. पण श्वास घेताना पहा—कंबर खाली बसली. पुन्हा बसली. काहून? मान! निम्मं तोंड पाण्यात ठेवून नुसतं कुशीवर वळायचं, तर ही सगळं डोकं उचलते. डोकं वर गेलं की पाय खाली, तराजूच्या पारड्यावाणी, आन् पाय बुडाले की पाणी अडवतंय. ठाऊक हाये तुमाला? सांगून सांगून थकले? मग खोड जात काहून न्हाई, ते न्हाई ठाऊक. श्वासासाठी न्हाई उचलत ती डोकं, सर. उजवीकडं पाहते.

आमची विहीर गोल. सरळ पोहायला जागाच न्हाई, फेरे मारायचे. ती भिंतीकडून, मी आतून—तिच्या उजव्या हाताला. बाबा गावभर सांगायचे, थोरली धाकटीला भिंतीकडं ठेवते, थकली तर कपार धरता यावी म्हणून. कपार! बारा वर्षाची झाली तवाच माझ्या बराबरीला आली होती ती. आन् आतला फेरा लहान असतो, सर, भिंतीकडचा मोठा. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. त्यात भर, मीच शिकवलं—मान वर काढ, मला पाहत ये. पाय बुडतात ते मला तवाच दिसत होतं. दिसू दिलं न्हाई तिला. एकदाबी पुढं जाऊ दिली न्हाई, माझं लग्न होईस्तोवर. मग मी मशीनवर बसले, आन् तिला तुमी भेटले. जळते मी, व्हय. पाण्यात उतरले न्हाई लग्नापासून.

काय सांगू तिला? सांगा—उजवीकडं पाहू नको म्हणावं. तिथं कोणी न्हाई आता. तोंड पाण्यात ठेव, आन् जा. एवढंच सांगा. आतल्या फेऱ्याचं नका सांगू—तिला अजून वाटतं, ताई आपल्यापेक्षा जोरात पोहायची.

उठा सर. कापड चुरगळून राहिलं तुमच्याखाली.