एकशे सतरा किलोचा बचाव

न्हाई पन मी म्हनतो, मी केलं काय? सांगा की! उभा हुतो! उभं ऱ्हायला बंदी हाय का आपल्या सातारा जिल्ह्यात? मानूस म्हनल्यावर कुटंतरी उभा ऱ्हानारच की, त्येला काय खुटीला टांगून ठेवायचा? तुमास्नी सांगतो, खोटं बोलत असीन तर यमाईची शपत, मी हात उचलला न्हाई, पाय उचलला न्हाई, आवाज सुदीक उचलला न्हाई... मी निस्ता उभा हुतो! आन् तरी समोरच्याचं हाड मोडलं. आता बोला!

आन् तुमी माझ्या कानाकडं बगू नका. समदी आदी कानाकडंच बगत्यात. पैलवानाचं कान आसंच असत्यात, मातीत घासून घासून मुटकुळ्यागत झाल्यात, पन म्हनून काय मी गुंड झालो? मी साईराज. वय चोवीस, गाव औंधच्या खालतीकडं, तालीम सांगलीत, वजन एकशे सतरा. कुस्तीच्या जोरावर, खेळाडूच्या जागंवर, पोलिसात निवड झालीया माझी. आता फकस्त एकच गोष्ट ऱ्हायली, चारित्र्य पडताळणी! म्हंजे सरकार बगनार, ह्या मानसावर कुटं गुन्हा दाखल हाय का. एक जरी निघाला की संपलं, घरी जा, म्हशी राख. आन् आमच्या आईनं, रंगूबाईनं, यादीत नाव दिसल्या दिसल्या पेढं वाटल्यात... दोन गावांत! मी म्हनलं, आई, आगं कागद तर हातात येऊ दे. तर म्हनली, 'कागद येतोय रं, तू तेवढं कुनाला हात लावू नगंस.'

मंग महिनाभर मी कसा जगलो म्हनता? लग्नात कुनी गळाभेट घ्यायला आलं की माझं दोन्ही हात पाठीमागं. रस्त्यात कुत्रं आडवं झोपलेलं दिसलं की गाडी बंद करायची आन् ढकलत ढकलत त्येला वळसा घालायचा. एस्टीत शेजारचा आजोबा पेंगत पेंगत खांद्यावर पडला, तर कराडपतूर श्वास रोखून बसलो हुतो, म्हनलं खांदा हालला, म्हाताऱ्याची मान आवटाळली, की गेली माझी नोकरी!

ह्ये भ्या घातलं कुनी? आमच्या नाथाजी वस्तादांनी. सात वर्सं झाली, रोज सकाळी जोर काडून झालं की मातीत बसवून एकच पाठ. 'साई, मातीच्या भायेर तुझा हात म्हंजे हत्यार. कुनी अंगावर आलं तर स्वतःला वाचीव, पन समोरच्यानं बोट लावलं तर बोटाचंच उत्तर, हात लावला तर हाताचंच. जेवढ्यास तेवढं!' आवं, पन मी म्हनतो, जेवढ्यास तेवढं मोजायचं कशानं? मी इचारलं की, 'वस्ताद, माझं बोटच समोरच्याच्या मनगटायेवढं हाय, मंग माझ्या बोटाचं उत्तर त्येला केवढ्याला पडायचं?' वस्तादांनी लय इचार केला. मिशीवरनं हात फिरवला. आन् म्हनले, 'मंग तू निस्ता उभा ऱ्हा.' घ्या! आता पैलवानाचा जोर म्हंजे काय घरचा नळ हाय का, बारीक सोडायला? कॅनॉलचं दार हाय ती, एकतर बंद, न्हाईतर धो धो. म्हनून ठरीवलं, बंदच ठेवायचं.

तर त्या मंगळवारी आई यमाईची वटी भरायला वर डोंगरावर गेली, आन् मी खाली बाजारात झेरॉक्सच्या दुकानात. कशाच्या झेरॉक्स? चारित्र्याच्याच की! दुकान कसलं, काडेपेटी. मी दारात उभा ऱ्हायलो तर आत अंधार झाला, मशीनवरची बाई म्हनली लाईट गेली काय. तेवढ्यात मागनं आमच्या चांदबी मावशी आल्या, रेशनकार्ड घिऊन, 'बाबा, जरा जागा दे रे.' आता म्हातारं मानूस, द्याय नको व्हय जागा? मी एक पाऊल बाजूला सरलो. एकच! आन् तितंच दुकानाच्या मालकाची, जयराजची, नवीकोरी स्कुटी. नंबर सुदीक आला नव्हता. ती गेली की आडवी! आरसा फुटला. मी लगोलग उचलली, एका हातानं, पुसली, म्हनलं, 'चुकलं दादा, आरसा बसवून देतो.' पन त्यो जयराज आतनं निघाला तो फुरफुरतच, पायरीवर चढला, कारन खालनं माझी कॉलर घावत नव्हती, आन् धरली की कॉलर!

आता हितं माझी चूक झाली, मी कबूल करतो. तुमास्नी म्हाईत न्हाई, आमा पैलवानांना सवय असती, समोर कुनी उभा ऱ्हायला की पैलं वजन बगायचं. हाळदीचा नवरदेव दिसू दे न्हाईतर गावचा तलाठी, आमच्या मनात पैला आकडा येतो. वस्तादांनी सांगितलंतं जेवढ्यास तेवढं, मंग समोरचा केवढा हाय ती नको का कळाय? म्हनून मी काळजीनं, अगदी काळजीनं इचारलं, 'दादा, तुमचं वजन किती?'

झालं! 'माझ्या वजनावर जातोस व्हय रं? किडमिडा समजतोस व्हय मला?' आन् भरल्या बाजारात हात मागं नेला. त्येवढ्या येळात माझ्या मनात काय काय आलं सांगू? ढकलू? ढकलला तर जाऊन पडतोय समोरच्या भेळंच्या गाड्यात. हात धरू? धरला आन् सोडवताना तुटला तर? पळू? एकशे सतरा किलो बाजारातनं पळाय लागलं तर लोक म्हनतील म्हस उधळली, चेंगराचेंगरी हुईल, मेलेलं समदं माझ्या नावावर! मंग ऱ्हायलं काय? मी निस्ता उभा ऱ्हायलो. त्येनं मारली ठिवून, कानाखाली. आन् आवाज आला... कट्ट!

मला वाटलं माझा कान. हात लावून बघितला, कान हाय जागंवर. खाली बगतोय तर जयराज पायरीवर बसलाय, उजवा हात मांडीत धरून, 'आई आई आई आई!' करंगळीच्या मुळातलं हाड! माझ्या मुंडीवर आपटून! आन् मंग लोकांनी मोबाईल काडलं. कवा काडलं? कट्ट झाल्यावर! आदी कुनीच न्हाई, थप्पड कुनाकडंच न्हाई. व्हिडिओ सुरू हुतोय तवा ह्यो येवढासा मानूस खाली वळवळतोय आन् मी हत्तीगत वर उभा! आन् आमच्यात रीत हाय, पडलेल्याला उचलायचं, छातीशी धरायचं, पाठीवरची माती झाडायची. मी सवयीनं वाकलो, उचलला त्येला, छातीशी धरला... तर लोक वराडली, 'आवं सोडा, सोडा, मरंल त्यो!' ती बी आलंय व्हिडिओत. खाली लिवलंय, पैलवानाची दादागिरी. दादागिरी? आवं, मी निस्ता उभा हुतो!

गेलो चौकीत. तितं शिवांजली मॅडम, हवालदार. बाई शांत, पन पेन उघडून बसलेली, आन् मला त्या पेनाचं भ्या वाटाय लागलं, म्हनलं आता ह्ये टेकतंय आन् माझी नोकरी जातीया. मॅडम म्हनल्या, 'तुला कुठं लागलंय?' म्हनलं, 'कानावर.' त्यांनी कान बघितला. 'हा कधीचा?' म्हनलं, 'ह्यो दोन हजार एकोनीसचा, साखर कारखान्याच्या मैदानातला.' 'मग आजचं कुठंय?' आता आजचं कुटनं दावू? 'तू काय केलंस?' 'काय न्हाई मॅडम.' 'हे बघ, स्वतःला वाचवायला लागंल तेवढं बळ वापरायला कायद्याची ना नाही. पण लागंल तेवढंच, जास्त नाही.' म्हनलं, 'मॅडम, मी शून्य वापरलं.' 'शून्यानं हाड मोडतं?' काय सांगायचं, सांगा की तुमीच! साक्षीला चांदबी मावशीला बोलीवलं. तर त्या म्हनल्या, 'मेरे को तो इसकी पीठच दिसी बाबा, बाकी औंधच नै दिसा.'

आन् जयराज, हातात पलस्तर घालून, बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला. त्येचं एकच म्हननं. 'मला भरपाई नको मॅडम. मला लागलंय, ह्येला लागलं न्हाई. भरल्या बाजारासमोर, माझ्या दुकानाच्या दारात! ह्येलाबी लागल्यालं मला दिसलं पायजे. जेवढ्यास तेवढं!' बगा! ह्येला कुटल्या वस्तादानं शिकीवलं? मॅडम म्हनल्या, 'पाच वाजेपर्यंत आपसात मिटवा, नाहीतर मी लिहून घेणार.' साडेबारा वाजलं हुतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बगत बसलो आन् आईचं पेढं मोजाय लागलो, कुटल्या घरात किती दिलं, परत मागाय कसं जायाचं...

मंग फोन केला वस्तादांना. बिचारं तसंच सांगलीस्नं एस्टीनं आलं, चार वाजता. मला वाटलं आता सुटलो. तर आल्या आल्या माझं बकोट धरून कोपऱ्यात नेलं, 'खरं सांग, कुटला डाव टाकलास? ढाक लावलीस?' 'न्हाई वस्ताद.' 'मंग मोळी बांदलीस?' 'न्हाई वस्ताद, तुमीच सांगितलंतं, मी निस्ता उभा हुतो!' सात वर्सं ज्येनं सांगितलं त्येचाच इस्वास न्हाई! लय वाईट वाटलं हो मला, खरंच. मंग मीच जीव मुठीत धरून कबूल केलं, म्हनलं, 'वस्ताद, थप्पड येताना दिसली तवा... मान जरा आवळली.' वस्ताद म्हनले, 'किती आवळली?' 'सवयीनं आवळंल तेवढीच.' आता मान आवळनं ह्यो डाव हाय का बचाव? वस्तादांना बी ठरवता यीना. शेवटाला वस्तादच म्हनले, 'मॅडम, मी दावतो. साई, मान ढिली सोड.' मी सोडली. म्हंजे मला वाटलं सोडली! वस्तादांनी मारली. आन् हात झटकत बसलं की बाकड्यावर! अडुसष्ट वर्साचं मानूस, बोटं टम्म सुजली. म्हनत्यात कसं, 'मॅडम, पोरगं खरं बोलतंय, आऽऽई गं... पन जरा बरफ मिळंल का?'

आता साक्ष पटली मॅडमला, पन जयराज कुटं ऐकतोय! 'मंग त्येला परत लागलंच न्हाई की! दोघांस्नी लागलं, त्येला न्हाईच!' पावनेपाच झालं. मॅडमनी पेनाचं टोपन काडलं. आन् तेवढ्यात दारात आई! देवीचा नारळ पदरात, कपाळभर कुकू, बाजारातनं येता येता समदं ऐकून आलेली, आन् बाजारात ऐकलं म्हंजे काय, तोवर मी तिगांना जीवं मारलंतं! मी उठलो, म्हनलं, 'आई, आगं ऐक तरी, मी निस्ता उभा...'

खाडकन! एक. कानाखाली.

मान आवळायची ऱ्हायलीच हो. ती आली ती दिसली सुदीक न्हाई. आईचं वजन बेचाळीस किलो, डाव म्हनाल तर कुटलाच न्हाई. पन तुमास्नी सांगतो, सात वर्सांत मोठमोठ्या मल्लांनी आपटला, कवा डोळ्यात पानी न्हाई आलं... आन् मी चौकीत रडाय लागलो. ढसाढसा! येवढा मोठा गडी, शर्टाच्या बाहीनं डोळं पुसतोय. ती म्हनाय लागली, 'मी कुनाच्या दारात जाऊ आता? काय तोंड दावू?' आन् दुसरी मारायला हात उचलला, तर कोन आडवं आलं? जयराज! पलस्तराचा हात मधी घालून! 'आवं मावशी, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, लय झालं, येवढं बी नगं! मॅडम, माझं काय म्हननं न्हाई, मिटलं माझं.' आन् खिशातनं रुमाल काडून मला दिला. माझ्या डोळ्याला पुरला न्हाई त्यो, पन दिला.

मॅडमनी पेन बंद केलं. म्हनल्या, 'मावशी, चौकीत हात उचलता? आम्ही दुपारपासून मोजतोय किती बळ, कसलं बळ...' तर आई पदर सावरत म्हनली कशी, 'तुमी मोजा की वो बाई. ह्येला किती लागतंय ती मला म्हाईत हाय. चोवीस वर्सं वाडतीया ह्येला.'

तर सुटलो. कागद आला, कोरा करकरीत, एक डाग न्हाई. एक तारखेला ट्रेनिंगला हजर. आन् पैल्याच दिवशी साहेबांनी समद्यांस्नी रांगेत उभं केलं, हातात काठी दिली आन् म्हनले, 'जमाव अंगावर आला तर बळ वापरा. पण गरजेपुरतंच!' मी हात वर केला. 'साहेब, गरजेपुरतं म्हंजे किती?' साहेब म्हनले, 'ते जाग्यावर तुमचं तुम्ही ठरवायचं.' आता मी कुटनं ठरवू? आवं, ज्या बाईला ठरवता येतंय ती घरी म्हशीची धार काडतीया, आन् बंदोबस्ताला आई बरोबर न्यायची सोय सरकारनं अजून केलेली न्हाई!