आजोबांच्या बँडचं क्लॅरिनेट

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. मी नववीतच शाळा सोडली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. कामरगावात मी जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देतो. किन्हीराजाला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा हाच धंदा अंगाशी येणार होता.

मुलीचे आजोबा ऐंशीच्या काळात एका नावाजलेल्या बँडपार्टीत ढोल वाजवायचे. त्या बँडच्या कॅसेटी माझ्याकडे उतरवायला यायच्या. माझे मामा म्हणाले, "तसा बँड पुन्हा झाला नाही." मुलीचा काका म्हणाला, "कायचं! नुसता गोंगाट होता." दोघं हट्टाला पेटले. शेवटी आजोबांनी मलाच विचारलं, "बाबू, तू तं आमच्या कॅसेटी ऐकल्या. खरं सांग, आमचं नाव उगीच झालं का?"

मामांनी माझा पाय दाबला. पण मला खोटं बोलता येत नाही.

"ढोल चांगला आहे, आजोबा. पण क्लॅरिनेट हरेक गाण्यात सगळ्याइच्या पुढं धावते."

मुलगी चहा घेऊन दारातच थांबली. मला वाटलं, स्थळ गेलं.

तेवढ्यात आजोबा हसायला लागले. "चाळीस वर्षं झाले, मी हेच सांगून राह्यलो! तो वाजवणारा माहा साळा होता, हिच्या आजीचा भाऊ. त्याले काढलं असतं तं मले घरात भाकर भेटली नसती."

मग नातीकडे वळले. "पोरगा खोटं बोलत नाही. तुले चालते का?"

"चालते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजोबांसाठी त्यांच्या बँडची एक कॅसेट उतरवली. क्लॅरिनेटचा आवाज थोडा दाबता आला असता, पण दाबला नाही. त्या घरात भाकरी अजून आजीच थापतात.