अमनपासून लांब

(अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या एका प्राथमिक शाळेची हेल्थ रूम. पडद्यामागच्या कॉटवर सात वर्षांची रुचा झोपली आहे. तिचे बाबा, धम्मदीप, नुकतेच आले आहेत. शाळेची नर्स उपासना त्यांच्या ओळखीची आहे.)

धम्मदीप: पण ताई, सकाळी अगदी ठीक होती हो! सीरियल खाल्लं, उड्या मारत बसमध्ये चढली.

उपासना: आत्ता एकशे दोन ताप आहे. आधी बसा बघू. केवढी धाप लागलीय तुम्हाला.

धम्मदीप: पार्किंगमध्ये बर्फ साचलाय, गाडी लांब लावावी लागली. शाळेतूनच काहीतरी लागलं असणार. फ्लू चालूच आहे ना सगळीकडे.

उपासना: धम्मदीप, सकाळी तिला तापाचं औषध दिलं होतं का?

धम्मदीप: म्हणजे... अंग जरा गरम लागलं. प्रिकॉशन म्हणून दिलं.

उपासना: ताप किती होता?

धम्मदीप: मोजला नाही.

उपासना: का?

धम्मदीप: मोजला असता तर पाठवता आलं नसतं ना, ताई. प्रीता नागपूरला गेलीय, तिच्या आईचं ऑपरेशन आहे. घरी मी एकटाच. इकडे ऑफिसात आज आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज. टीममधल्या दोघांना मागच्याच महिन्यात काढलं, आणि नोकरी गेली तर माझा व्हिसाही जाईल, तुम्हाला माहितीये. वाटलं, दुपारपर्यंत निभेल, मग मी येऊन घेऊन जाईन.

उपासना: आणि तिला काय सांगितलंत?

धम्मदीप: तिला? काही नाही.

उपासना: ती म्हणाली, बाबांनी सांगितलंय, कुणाला सांगायचं नाही.

धम्मदीप: तसं नाही हो. ‘मिसला सांगत बसू नकोस, बरं वाटेल,’ एवढंच. घाईत बोलून गेलो.

उपासना: तिनं ते पाळलं. दुपारपर्यंत अवाक्षर काढलं नाही. मग तिच्या वर्गाच्या मिस डोनोव्हन तिला माझ्याकडे घेऊन आल्या, पण तापासाठी नाही. त्यांची तक्रार होती.

धम्मदीप: रुचाबद्दल? कसली?

उपासना: सकाळी आल्या आल्या हिनं हट्ट धरला, मला अमनच्या शेजारी बसायचं नाही. कारण विचारलं तर गप्प.

धम्मदीप: अमन? अहो, तो तर तिचा बेस्ट फ्रेंड आहे!

उपासना: म्हणून तर मिसना वाटलं, भांडलेत दोघं. त्यांनी समजावलं, थोड्या रागावल्यासुद्धा. ही ऐकेचना. पुस्तक घेऊन तो जवळ आला, तर सगळ्यांसमोर त्याला ‘गो अवे’ म्हणाली. तो रडला बिचारा. जेवायच्या वेळी ही दाराजवळच्या टेबलावर एकटीच जाऊन बसली. डबा तसाच आहे, उघडलासुद्धा नाही.

धम्मदीप: असं का करेल ती?

उपासना: अमनच्या कॅन्सरच्या गोळ्या अजून चालू आहेत. तो शाळेत परत आला, तेव्हा पालकांच्या मीटिंगमध्ये त्याच्या आईनं उभं राहून सांगितलं होतं, माझ्या मुलाला साधा तापही झेपणार नाही. तुमचं मूल आजारी असेल तर प्लीज घरी ठेवा.

धम्मदीप: मी होतो तिथे.

उपासना: होतात?

धम्मदीप: नंतर तिला जाऊन भेटलोसुद्धा. काही लागलं तर हक्कानं सांगा, म्हणालो. ताई... सकाळी मला तो पोरगा आठवलाच नाही.

उपासना: रुचाला आठवला. तुमचंही ऐकायचं होतं आणि त्यालाही जपायचं होतं. तिला जे सुचलं ते तिनं केलं.

धम्मदीप: कसा आहे तो?

उपासना: त्याची आई येऊन घेऊन गेली. त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय, थोडे दिवस लक्ष ठेवतील. ही लांब राहिली ते बरंच झालं. पण मला काळजी वेगळीच आहे. उद्या हिच्या छातीत दुखलं, धाप लागली, तरी ही गप्प बसेल. मुलं येऊन सांगतात, म्हणून मी इथे काही करू शकते.

धम्मदीप: मग आज कशी बोलली?

उपासना: मी विचारलं, अमनचा राग आलाय का गं? तर रडायलाच लागली. म्हणाली, मावशी, मी हॉट आहे, म्हणून त्याला जवळ नाही येऊ दिलं.

रुचा: बाबा? तू आलास? तुझं रिलीज झालं?

धम्मदीप: राहू दे ते. झोपली होतीस ना?

रुचा: मी मिसला नाही सांगितलं, प्रॉमिस. ओन्ली मावशीला.

धम्मदीप: बाळा, बाबानं चुकीचं सांगितलं होतं तुला. बरं नसलं की सांगायचं. मिसला, मावशीला, मला. माझं काहीही काम असलं तरी.

रुचा: अमन थिंक्स आय हेट हिम.

धम्मदीप: आपण फोन करू त्याला. आधी मी त्याच्या आईशी बोलतो. तू का लांब बसलीस ते सांगतो. मी काय केलं, तेही.

रुचा: ती तुला रागावेल?

धम्मदीप: रागावू दे.

उपासना: मिस डोनोव्हनना मी सगळं सांगितलंय. मघाशी येऊन हिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. आणि धम्मदीप, औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप आला नाही, तरच शाळेत पाठवा. संध्याकाळी खिचडी करून तुमच्या दारात ठेवते.

धम्मदीप: कशाला त्रास, ताई?

उपासना: दोन माणसांच्या खिचडीचा कसला त्रास? ऑफिसचं काय करताय?

धम्मदीप: कळवतो, मुलगी आजारी आहे म्हणून. पुढचं पुढे बघू. निघतो, जय भीम.

उपासना: जय भीम. तिच्या जॅकेटची चेन लावा, बाहेर वारं आहे.

धम्मदीप: ये, कडेवर ये. डोकं दुखतंय का गं?

रुचा: नाही.

धम्मदीप: रुचा...

रुचा: थोडंसं.

धम्मदीप: बरं.

रुचा: बाबा, थोडंसं नाही. खूप दुखतंय.