पिंगेलॅपीतली बोलणी

आमच्या टीममधल्या बेन्सनबद्दल कधी बोललोय का तुमच्याशी? मायक्रोनेशियातल्या पिंगेलॅप नावाच्या इवल्याशा बेटावरचा आहे तो. त्याची पिंगेलॅपी भाषा बोलणारं इथे अमेरिकेत, रेडमंडमध्ये त्याला आजवर कोणी भेटलं नव्हतं.

परवा लंचनंतर आम्ही दोघं ग्रोसरीला गेलो होतो. मी तांदूळ बघत होतो. पलीकडे एक बाई आपल्या मुलीला रागवत होती. भाषा कळली नाही, पण रागवणं कुठलंही कळतंच की. बेन्सन कार्ट तिथेच सोडून निघाला. मी मागोमाग गेलो, तर हा त्या बाईसमोर नुसता उभा.

ती बिचकून इंग्लिशमध्ये म्हणाली, "काय हवंय?"

हा त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. बाईनं त्याच्या पावसानं भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं. मग मुलीला सोडून तिनं यालाच झापायला सुरुवात केली. पन्नाशीचा हा माणूस मान खाली घालून निमूट ऐकत होता, मधूनच डोळे पुसत होता.

कारमध्ये बसल्यावर मी विचारलं, "काय म्हणालास तिला?"

"म्हटलं, थांबू नका, मलाही थोडं रागवा."

"मग?"

"म्हणाली, पावसात जॅकेट न घालता फिरतोस. आजारी पडलास तर इथे तुला बघायला कोण आहे?"