शेवटापासून सुरुवात

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या दोन म्हाताऱ्या मित्रांकडे लागले होते.

"तुझी लेक गोल्फ शिकवते, आणि चेंडूच देत नाही म्हणे?"

"आधी फटका संपल्यावर कसं उभं राहायचं ते शिकवते. तिथे तोल जमला, की एकेक पायरी मागे येते."

"उलटाच कारभार!"

"मीही तेच म्हणालो. जन्मभर मी पोरांना गोल्फ 'माझं बघा आणि मारा' असंच शिकवलं ना!"

"मग?"

"म्हणाली, बाबा, फटका मारा आणि तसेच उभे राहा. मारला, आणि आडवा झालो."

"म्हणजे लेकीनेच पाडलं तुला!"

"पाडलं कसलं! माझा पाय कुठे चुकतो, ते आजवर कुणा पठ्ठ्याला सापडलं होतं? डॉक्टरांना एवढंच विचारायचंय, तिच्या वर्गात परत कधी जाऊ?"