वीतभर वर

सून: डोक्याकडून नाही ओढायची, आई. आधी बाबांना कुशीवर घ्या. उचलायच्या झोळीची घडी पाठीशी सरकवा, मग दुसऱ्या कुशीवर वळवा आणि घडी उलगडा.

सासू: कळतं मला. चार पोरं कुशीवर वळवून मोठी केलीत मी.

सून: पोरं पाच-दहा किलोची असतात. बाबा सत्तर किलोचे आहेत.

सासू: होते. तुझ्या हातचं पातळ खाऊन खाऊन निम्मे राहिलेत.

सून: घास अडकतो म्हणून डॉक्टरांनी पातळ सांगितलंय. एक हात खांद्यावर, एक कमरेवर. ओढू नका, वळवा. बाबा, तुमचा चांगला हात कठड्याला धरा बघू.

सासरे: हं.

सासू: तुझं बरं ऐकतात. माझ्याकडे तर आढ्याकडे बघावं तसं बघतात.

सून: मी आधी सांगते आणि मग हात लावते, म्हणून. आई, घड्याळ बघा. अकराला नर्सबाई येणार. तुम्ही एकटीनं बाबांना पलंगावरून खुर्चीत घेतलंत, तर त्या कागदावर सही करतील आणि बाबा घरात राहतील. नाहीतर सोमवारी संस्थेची गाडी दाराशी.

सासू: गाडी आणा म्हणावं! ह्यांना त्या खोलीत ठेवणार, आठ खाटा एका ओळीत? माझ्या जिवात जीव असेपर्यंत हे नाही व्हायचं.

सून: मग शिका. मी दुपारी दवाखान्यात भरती होतेय. त्यानंतर ह्या खोलीत मी नाही.

सासू: तीन महिन्यांनी येशीलच की.

सून: येईन. उचलायला नाही येणार.

सासू: सांग. पुढे काय?

सून: झोळीची खालची कड माकडहाडाशी आली पाहिजे. वर गेली तर माणूस खालून घसरतो. आता पायांचे पट्टे मांड्यांखालून घ्या. एकमेकांत ओवा. हां, असेच. ओवले नाहीत तर पाय फाकतात.

सासू: आणि ह्या रंगीत कापडी कड्या?

सून: खांद्याच्या पट्ट्यांची हिरवी अडकवायची, पायांच्या पट्ट्यांची निळी. दोन्ही बाजूंना सारख्या. एकीकडे हिरवी आणि एकीकडे पिवळी लागली तर बाबा तिरके होतील.

सासू: रंगांवर सोपवलं ते बरं केलं. अक्षरं म्हणजे मला मुंग्या.

सून: आता छताच्या रुळावरची दांडी खाली घ्या. रिमोटचं खालचं बटण. हळू! दांडीवर हात ठेवा, बाबांच्या कपाळाला लागेल. आता चारही कड्या आकड्यांत घाला. नंतर वीतभर वर उचला आणि थांबा.

सासू: थांबायचं कशाला? वर घेतलं ते घेतलं.

सून: थांबायचंच. चारही कड्या एकेक करून बघायच्या. मग माणसाला विचारायचं, ठीक आहे ना? त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सासू: नवऱ्याला विचारायचं? पन्नास वर्षांत त्यांनी मला विचारलं नाही, मी त्यांना विचारलं नाही. संसार झाला ना?

सून: संसार झाला. इथे माणूस पडतो. आणि अजून एक. माणूस वर असताना दुसरं बोलणं नाही. फोन वाजू दे, दार वाजू दे. आधी खाली, मग बाकी.

सासू: मोठी शाळामास्तरीण झालीस हो.

सून: थांबा. दांडी वर घेऊ नका. ती डाव्या पायाची कडी दाखवा मला. उलटी करा. हे काय?

सासू: काय असायचं? शिवण.

सून: कोणी घातला हा टाका?

सासू: ह्या घरात टाका घालणारं दुसरं आहे कोण? कडी सुटायला आली होती. मेणाचा दोरा घेतला, दुहेरी, वर उलटा टाका. हत्ती टांगलास तरी सुटायचा नाही.

सून: झोळी कशात धुतलीत?

सासू: उकळत्या पाण्यात. धोपाटण्यानं. माणसाच्या अंगाखालची वस्तू, स्वच्छ नको?

सून: कोमट पाण्यात म्हणून सांगितलं होतं मी. दोनदा. उकळलीत, धोपटलीत, दोरा कुजवलात आणि वर टाका घातलात. आई, शिवलेली झोळी वापरायची नसते. टाकून द्यायची असते.

सासू: एका कडीपायी सगळी टाकायची? तुझ्या लग्नातला शालू तीनदा रफू केलाय मी, तुला पत्ता तरी लागला का?

सून: शालूत माणूस लोंबत नाही. डाव्या पायाची कडी सुटली तर बाबा त्या बाजूनं डोक्यावर येतील. कालपासून ह्यातच उचलत होतात?

सासू: काल एकदा. सकाळी. तू कमरेला पट्टा बांधून पडली होतीस.

सून: देवा.

सासू: पडले का? नाही ना पडले?

सून: नाही पडले. नवी झोळी कुठाय? पेटीत दोन आल्या होत्या.

सासू: आहे.

सून: कुठे?

सासू: माझ्या कपाटात. वरच्या फळीवर, पिशवी न फोडता ठेवलीय. चांगली आहे ती. रोजच्याला कशाला मळवायची?

सून: रोजच्याला नाही तर कशाला? झोळीत बसून बाबा कुणाच्या घरी पाहुणे जाणार आहेत?

सासू: ह्यांच्यासाठी नाही ठेवली.

सून: मग?

सासू: माझ्यासाठी. बघतेस काय अशी? मी काय अमरपट्टा घेऊन आलेय? उद्या मी आडवी झाले तर तू मला हातानं थोडीच उचलणार आहेस?

सून: नाही.

सासू: बघ. मला माहीत होतं. म्हणून ठेवली.

सून: ही बाबांच्या खालून काढा. नवी आणा इकडे. आणि कात्री आणा.

सासू: कात्री कशाला?

सून: ही कापायची. नाहीतर मी गेले की तुम्ही परत टाका घालाल.

सासू: दे इकडे. माझा टाका दुसऱ्या कुणी कापलेला मला चालायचा नाही. ... घे. झाली? झाला जीव थंड?

सून: आता पिशवीतून नवी काढा आणि तुम्हीच बसा त्यात.

सासू: मी? मला काय धाड भरलीय?

सून: नर्सबाई पहिला प्रश्न हाच विचारतात, तुम्ही स्वतः बसून पाहिलंत का. मी बसले होते. तुमचा मुलगासुद्धा बसला होता, डोळे मिटून. आणि तसंही तुमच्यासाठीच ठेवलीय ना? माप दोघांचं एकच आहे.

सासू: वजनावर नको घसरूस.

सून: चाकाच्या खुर्चीत बसा. ब्रेक लावा आधी. पुढे वाका. पाठीमागून सोडलीय मी. मला खाली वाकता येत नाही, मांड्यांखालून पट्टे तुम्हीच ओढा. ओवा. कड्या मी अडकवते. हिरवी, हिरवी. निळी, निळी. हात छातीशी.

सासू: रूळ धरेल ना गं? तो छताचा?

सून: बारा बोल्टांवर आहे. उचलते. वीतभर.

(मोटर घरघरते आणि थांबते.)

सासू: अगं आई गं. पाय टेकत नाहीत.

सून: टेकायचे नसतातच. ठीक आहे ना?

सासू: ठीक कसलं! मांडीला पट्टा लागतोय. हे असं रोज होतं ह्यांना?

सून: रोज चार वेळा. आई, एक विचारू?

सासू: टांगून विचारणार?

सून: खाली असलात की तुम्ही उठून जाता. ती लाल दोरी बघा, तुमच्या हातापाशी लोंबतेय. ओढलीत की आपोआप खाली याल. मी अडवलेलं नाही.

सासू: विचार.

सून: बाबा लकव्यानं पडले त्याच वर्षी तुमच्या मुलानं रूळ लावायला माणूस आणला होता. शिडी घेऊन आला होता तो, मोजमाप झालं होतं. तुम्ही त्याला दारातून परत लावलंत. का?

सासू: छताला भोकं पडली असती.

सून: गेल्या महिन्यात पडलीच की. छत कुठे कोसळलं?

सासू: माणसाला पोत्यासारखं टांगायचं बरं दिसत नाही. घरात धडधाकट सून असताना.

सून: तुम्ही आत्ता पोतं आहात?

सासू: नाही.

सून: मग?

सासू: खाली घे गं.

सून: दोरी आहे.

(सासूचा हात दोरीपर्यंत जातो आणि परत छातीशी येतो.)

सून: ओढा ना.

सासू: चष्म्याच्या दुकानात होतीस तू. भिंगं घासायचीस. मालक दोनदा घरी आला होता, परत पाठवा म्हणून. आठवतं?

सून: मला आठवायला नको? माझ्या जागी दोन पोरी ठेवाव्या लागल्या त्यांना.

सासू: रूळ लागला असता तर ह्यांना कुणीही उचललं असतं. मीसुद्धा. मग तू दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन बाहेर पडली असतीस.

सून: पडलेच असते.

सासू: म्हणून.

सून: एवढंच?

सासू: एवढंच काय! तू गेलीस की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ह्या घरात मी आणि हे. ह्यांचं सगळं आयुष्य एका 'हं'मध्ये आलंय. मी कुणाशी बोलायचं, भिंतीशी? भांडायला तरी माणूस लागतं घरात.

सून: उद्या माझ्या मणक्यात चार स्क्रू घालणार आहेत. नऊ वर्षं मी हातांनी उचलले बाबा. दिवसातून चारदा. तुम्हाला भांडायला माणूस हवं होतं म्हणून.

सासू: सगळ्याच सुना उचलतात. मी माझ्या सासूला उचलली नव्हती? सहा वर्षं, मरेपर्यंत.

सून: आणि काय मिळालं?

सासू: काही नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाली, हात राकट आहेत तुझे.

सून: मला तुम्ही काय म्हणायचात? धसमुसळी.

सासू: खाली घे. मांडी बधिर झाली.

सून: घेते. मला तुमचे गुडघे मागे लोटता येणार नाहीत, तुम्हीच बूड मागे सरकवा. सरका. आता टेकलात. कड्या काढा. निळ्या आधी, मग हिरव्या. शेवटी दांडी वर, नाहीतर उठताना कपाळमोक्ष.

सासू: जीव निघाला.

सून: आता एकदा स्वतः करा, मी बोलणार नाही. ही झोळी बाबांच्या खाली घाला.

सासू: बघा हो, तुमच्या बायकोला झाडाला पपई लटकवावी तसं लटकवलं हिनं. तुम्ही बघत होतात ना सगळं? ऐकत होतात?

सासरे: हं.

सासू: काय हं? नुसतं हं.

सून: बेल वाजली. मी उघडते. आई, डोळे पुसा.

सासू: घाम आहे तो.

नर्स: नमस्कार. आजी तुम्हीच ना? घाबरू नका, मी नुसती उभी राहणार. ताई, तुम्ही त्या स्टुलावर बसा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. नजरेनंसुद्धा सांगायचं नाही.

सून: नाही सांगत.

नर्स: ही टोपलीत काय, झोळी आहे? कुणी कापली?

सासू: मीच. कडी सुटली होती, ती मी शिवली. शिवलेली वापरायची नसते, ते मला आज कळलं. मग कापली.

नर्स: हे सांगितलंत ते बरं झालं. कधी वापरली होती शिवलेली?

सासू: एकदा. काल.

नर्स: परत?

सासू: परत नाही. कानाला खडा.

नर्स: स्वतः बसून पाहिलंत कधी?

सासू: पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

नर्स: छान. करा सुरू.

सासू: अहो, कुशीवर घेतेय तुम्हाला. कठडा धरा. ही घडी. आता इकडे वळा. माकडहाडाशी कड आली. पट्टे ओवले. पलंगाचा ब्रेक आहे... खुर्चीचा? थांबा. खुर्चीचा राहिला होता. लावला. दांडी खाली, कपाळ सांभाळून. हिरवी, हिरवी. निळी, निळी. आता वीतभर वर घेतेय हो.

नर्स: बरोबर चाललंय.

सासू: थांबले. एक, दोन, तीन, चार. कड्या ठीक. अहो... ठीक आहे ना?

सासरे: हं.

सासू: नाही, नुसतं हं नको. मांडीला लागतंय का? मला लागलं होतं.

सासरे: ना... ही.

नर्स: अरे वा, बोलले की आजोबा. पुष्कळजण कड्या बघतात, पण विचारायचं विसरतात. शिकवलं कुणी तुम्हाला?

सासू: हिनं. माझ्या सुनेनं. नऊ वर्षं हिनंच सगळं केलं. मी आज सकाळी शिकले.

नर्स: बसवा आता खुर्चीत. मग मी सही करते.

सासू: बसवते. सूनबाई...

नर्स: ताई, बोलायचं नाही म्हटलं होतं मी.

सासू: ती नाही बोलत, मी बोलतेय. सूनबाई, कंबर फार दुखते का गं तुझी?

सून: माणूस वर आहे, आई. आधी त्यांना खाली घ्या.