गार्डाचा आवाज

शेखलाल : पिल्लाचा जबडा सोडू नकोस पोरी. दोन्ही अंगठे आत घाल, गालाच्या बाजूनं. चावला तर चावू दे, दुधाचे दात हायती अजून.

राहेल : चावत नाही हो मामा. चावला असता तर बरंच वाटलं असतं. चार दिवस नुसता लाळ गाळत पडलाय. रूथचे बाबा ड्युटीवर जाताना म्हणाले, स्टेशनाबाहेर टांग्यांच्या घोड्यांना बघणारे शेखलालमामा आहेत, पलटणीत सलोत्री, घोड्यांचे वैद्य, होते, त्यांना बोलाव.

शेखलाल : घोड्याला बघतो, खेचराला बघतो. कुत्र्याला हात लावला म्हंजी आमची घरवाली अमीरबी आंघूळ केल्याबिगर घरात घेत न्हाई मला. चार म्हैन्यांचं असंल न्हवं? नाव काय?

राहेल : गार्ड.

शेखलाल : आं?

राहेल : माझ्या मुलीनं ठेवलं. सगळे पुढे गेले की हा मागून येतो, शेवटच्या डब्यातल्या गार्डासारखा. आणि गाडी सुटली की भुंकतो. भुंकायचा.

शेखलाल : गार्डसायेब, आ करा बरं. उजेडाकडं फिरव त्याला... हे काय जिभंच्या मुळाशी? तांबडं?

राहेल : रक्त आहे का?

शेखलाल : रक्त न्हवं. दोरा हाय. जिभंला येढा बसलाय आन् खाली गळ्यात उतरलाय. आता हितं हात लाव. ही गाठ. दाब हळूच. टोचतंय न्हवं बोटाला?

राहेल : हो. काय आहे ते?

शेखलाल : सुई. ह्यानं दोऱ्यासकट सुई गिळलीय, आन् ती घशातनं आरपार निघाया बघतीय.

राहेल : देवा. माझी सुई.

शेखलाल : तुजी?

राहेल : शिरूरच्या बोर्डिंगात प्रत्येक कपड्यावर नंबर लागतो. तांबड्या दोऱ्यानं, गळ्यामागे. शंभर मुलींचे कपडे एकदम धुतात ना. आमच्या रूथचा सत्तावीस. एक जुना फ्रॉक मी मागे ठेवून घेतला होता, गेल्या आठवड्यात तोही मागवला त्यांनी. दोन काढला मामा, आणि सात काढायचं जिवावर आलं. नाव नाही, गाव नाही, आपल्या पोरीच्या मानेवर आपणच आकडा टाकायचा. सुई तशीच खोचली आणि फ्रॉक ह्याच्या अंगाखाली सारला. तिचा वास आला की हा झोपतो.

शेखलाल : आन् तू?

राहेल : मीही तिथंच पडते, शेजारी.

शेखलाल : हं. चिरावं लागंल, पोरी. आजच. उद्यापत्तुर पू आत फुटला तर खेळ खलास.

राहेल : मरेल का?

शेखलाल : न्हाई चिरलं तर नक्की. चिरलं तर बघू. चूल पेटव.

*

शेखलाल : दवाखान्यातल्या बन्यामीननं गुंगीचं औषध कसं द्याया सांगितलंय?

राहेल : कापसावर दोन थेंब, नाकापासून चार बोटं लांब. जीव लहान आहे, जास्त नको म्हणाला.

शेखलाल : कंपाउंडर असून अक्कल हाय त्याला. वस्तरा उकळला? आन् हे केस टाक त्यातच. टांगेवाल्या म्हस्कूच्या घोडीच्या शेपटीचं हायती. टाके घालाया घोड्याच्या केसावानी दुसरं काय न्हाई. घोडी लाथ झाडत हुती. मी म्हणलं, बये, टक्कल न्हाई पडत तुला. आता धर. पुढचे पाय एका हातात, डोकं मागं. डोळं मिटू नकोस. डोळं मिटलं की हात सैल पडत्यात.

राहेल : मला नाही बघवत.

शेखलाल : मग बघू नकोस, बोल. पोरीचं सांग. का धाडलीस येवढ्या लांब?

राहेल : ह्यांच्या बदल्या. आज दौंड, वर्षभरात आणखी कुठलं तरी स्टेशन. तिची शाळा तीनदा बदलली. पाचवीला बसायची तर एका जागी बसू दे, म्हणाले. ती कबूल होईना. रडली नाही, ओरडली नाही, नुसतं "नाही" म्हणायची. मग एक दिवस—

शेखलाल : घट्ट धर. बोल, बोल तू.

राहेल : मग एक दिवस ह्याला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, आई, तू गार्डला सांभाळशील ना, तर जाते. मी शपथ घेतली. आम्ही शपथ घेत नाही मामा, पाळकसाहेब रागावतात. पण तिनं माझा हात बायबलावर ठेवून घेतला. दहा वर्षांची पोर. म्हणाली, मी येईन तेव्हा तो मला फाटकापासून भुंकला पाहिजे— मामा, किती रक्त!

शेखलाल : रक्त थोडं, पू लई. येऊ दे. वास येतोय म्हणून तोंड फिरवू नकोस... आली. ही बघ. काळी पडलीय. आता दोरा तोंडाकडनं कापतो आन् हितनं वढतो. हाललं न्हाई पायजे पोर. हितंच कंठाची नळी हाय, केसाएवढी जागा न्हाई मधी... हां. निघाला.

राहेल : श्वास घेतोय का?

शेखलाल : तू घे आधी.

*

राहेल : पाचवा दिवस आज. पेज कापसात भिजवून पिळते जिभेवर, उभा धरून, तुम्ही सांगितलंत तशी. काल मटणाचं अळणी पाणीही घेतलं चार चमचे. शेपटी हलवली, मामा! एकदाच, पण हलवली.

शेखलाल : ताप उतरलाय. आन् हे मागच्या पायांना काय बांधलंयस? पिशव्या?

राहेल : टाके खाजवतो मागच्या पायानं. म्हणून फडक्याच्या पिशव्या शिवल्या. शिवून झाल्यावर सुई तीनदा मोजली.

शेखलाल : एकच सुई तीनदा?

राहेल : हसा तुम्ही. पण एक सांगा. कालपासून उठतो, हिंडतो, पण आवाज काढत नाही. मघाशी मनमाडची गाडी सुटली, तेव्हा दारात गेला, मान वर केली, तोंड उघडलं. नुसती हवा.

शेखलाल : काय म्हणलीस?

राहेल : नुसती हवा आली. जखम ओली आहे म्हणून असेल, नाही का?

शेखलाल : असंल. सूज असंल.

राहेल : मी रूथला लिहिलं, गार्ड मजेत आहे, गाडी सुटली की भुंकतो. काय करू? ती लिहिते, आई, रात्री दिवे मालवले की मी डोळे मिटून आपली सगळी खोली आठवते, दारापासून सुरू करते. पण गार्डचा आवाज नीट आठवत नाही, तो कसा भुंकतो ते लिही. आता भुंकणं कसं लिहायचं कागदावर? बसले आणि चार तऱ्हांनी लिहून पाहिलं. शेजारच्या अनसाबाईंना वाटलं, मी खुळी झाले.

शेखलाल : दिवाळीला येती न्हवं?

राहेल : सदतीस दिवस राहिले.

शेखलाल : मग हाय टाइम. हाय.

*

राहेल : टाके निघाले, जखम भरली, अंग धरलं. आज तर माझी चप्पल पळवली त्यानं. तुम्ही मात्र सुतकात बसल्यासारखे बसलाय. चहा निवतोय.

शेखलाल : भुंकला?

राहेल : नाही.

शेखलाल : केकाटतो तरी? शेपटीवर पाय पडला म्हंजी?

राहेल : तोंड उघडतो. मामा, खरं सांगा. येईल ना आवाज?

शेखलाल : मला ठावं न्हाई, पोरी. माजा हात हलला असंल. साठी झाली. केसाएवढीबी जागा न्हवती, म्हणलो न्हवतो?

राहेल : तुमचा हात हलला नाही. मी बघत होते.

शेखलाल : तू तोंड फिरवलं हुतंस.

राहेल : शेवटी बघत होते. आणि सुई माझी होती. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?

शेखलाल : तुला सांगू? कुणाला सांगितलं न्हाई, अमीरबीलाबी न्हाई. लढाईत आमी बर्माच्या रानात जायाचो तवा आमची खेचरं हुती बरुबर. खेचर वरडलं म्हंजी दुश्मनाला जागा कळायची. मग हुकूम आला. समद्यांचा कंठ कापायचा. डाक्टरसायेब कापायचा आन् मी डोकं धरायचो. शंभरावर असत्याल. शुद्धीवर आलं की उठायचं, तोंड वर करायचं, आ करायचं... वारा. नुसता वारा.

राहेल : मामा...

शेखलाल : त्यांतली एक माजी हुती, सितारा. तीन वर्सं तिचं खरारा, दाणापाणी मीच केल्यालं. आधी मला लांबनं बघून वरडायची. कंठ कापल्यावरबी वरडायची, पर मला ऐकू यायची न्हाई. माघारी येताना नदी पार न्हेता आली न्हाई, तिथंच तिला ठिवून आलो आमी. मागं वळून बघितलं तवा तोंड वर केल्यालं हुतं तिनं. मी म्हणायचो मनाशी, मरताना येक तरी गळा नीट करून मरू दे मला. आन् हे असं झालं.

राहेल : चहा घ्या.

शेखलाल : नगं. उद्या मांडवगणला चाललोय. तिथं येका घोडीला बघायचंय. तिकडंच पाहुण्यांत ऱ्हातो पंधरा दिस. तुला तोंड दाखवाया लाज वाटती.

राहेल : असं बोलू नका. रूथ आली की यायचंच तुम्ही. तिला सांगेन, ह्यांनी वाचवला. मुका तर मुका. जीव आहे ना त्यात.

*

शेखलाल : राहेलबाय! हायेस का घरात? दिवाळीचा दुसरा दिवस, दार का लावून घेतलंय? पोरगी आली का?

राहेल : थांबा मामा, येते... अरे! अरे गार्ड!

शेखलाल : कोण... कोण भुंकतंय आत?

राहेल : मामा, ऐकलंत? तो आहे! तोच! दाराला नखं लावून उभा राहिलाय. घोगरा आहे, पण— थांबा, कडी काढते.

शेखलाल : काढू नकोस!

राहेल : का?

शेखलाल : माजा वास आलाय त्याला. मी चिरलं हुतं न्हवं, ध्यानात ठिवलंय बेट्यानं. दार उघडलं तर घाबरून गप हुईल. ऱ्हाऊ दे कडी. बोल बेटा, शिव्या दे. अजून दे.

राहेल : ऐका, ऐका! पूर्वी असाच भुंकायचा, दोन छोटे आणि एक लांब. विसरलेच होते मी.

शेखलाल : पोरीला हाक मार की! तिला ऐकू दे.

राहेल : नाही आली ती. बोर्डिंगात गोवर निघालाय. तिला झालेला नाही, पण कुणालाच सोडत नाहीत आणि आत भेटायलाही घेत नाहीत. मेट्रनबाईंचं पत्र आलं परवा. आता नाताळाला. लाडवांचा डबा तसाच आहे मामा. दार लावून बसले होते, कुणी फराळाला बोलवायला नको म्हणून.

शेखलाल : या खुदा. सणासुदीचं.

राहेल : मेट्रननं लिहिलंय, हवं तर येऊन भिंतीबाहेर उभ्या राहा, खिडकीतून हात दाखवेल. मी म्हटलं, नको. हात बघून परत यायचं मला झेपायचं नाही. तिलाही नाही.

शेखलाल : भिंत किती उंच हाय?

राहेल : माणसाहून उंच. का?

शेखलाल : आवाज अडवाया किती उंच लागती भिंत? पोपटरावाचा ट्रक परवा राहू गावचा गूळ घेऊन शिरूरला चाललाय बाजाराला. त्याचा बैल बरा केल्याला हाय मी, न्हाई म्हणायचा न्हाई. कुत्र्याला यस्टीत घेत न्हाईत, ट्रकला कोण पुसतंय? जा घेऊन.

राहेल : पण मामा, हा पंधरा दिवस माझ्यापाशी मुकाच होता. गाडीला नाही, मांजराला नाही, कुणालाच नाही. फक्त तुम्हांला भुंकला.

शेखलाल : आस्सं?

राहेल : मी एकटी तिथं नेऊन उभा केला आणि हा गप्पच राहिला तर?

शेखलाल : मग मला यावं लागंल की. भिंतीपाशी समोर उभा ऱ्हातो, घालू दे शिव्या. अमीरबीला सांगतो, शिरूरला जातोय कुत्र्याच्या शिव्या खायाला. म्हणंल, हितं काय कमी पडत्यात का तुमाला?

राहेल : सुईचं सगळं खरं लिहून चिठ्ठी आत पाठवते लाडवांबरोबर. रागावली तर रागावू दे.

शेखलाल : लिव. लपवून काय फायदा.

राहेल : आणि तिला ऐकूच गेलं नाही तर? शंभर मुलींचा गलका असतो आत.

शेखलाल : तर दिवस मावळंपत्तुर उभं ऱ्हाऊ. मला कुठं जायाचंय?